डाव्या पायाची फिर्याद

मोटारीला क्लच नावाचा एक अवयव असतो, ही गोष्ट जगातल्या निम्म्या मोटारवाल्यांना तो जळल्यावर कळते. उरलेल्या निम्म्यांना ती आधीपासूनच माहीत असते, आणि तेच जास्त धोकादायक! माझे भांडण या दुसऱ्या निम्म्यांशी आहे.

आता तुम्ही विचाराल, की बँकेत काउंटरमागे बसून लोकांच्या पासबुकावर शिक्के मारणाऱ्या बी. कॉम. माणसाला क्लचमधले काय कळते? प्रश्न बिनतोड आहे. आमच्या भाच्यानेही तो हजार वेळा विचारला. पण वाचकहो, क्लच म्हणजे तरी काय? इंजिन हा मॅनेजर. तो आपल्या तंद्रीत गरागरा फिरत असतो. चाके म्हणजे गिऱ्हाईक. ते जागचे हलायला तयार नसते. या दोघांची गाठ घालून देण्यासाठी मधे जो घासला जातो, तापतो, झिजतो आणि शेवटी ज्याच्यावर सगळे खापर फुटते तो क्लच. हे काम मी बावीस वर्षे करतो आहे. क्लार्क आणि क्लच यांचे स्पेलिंगसुद्धा एकाच जोडाक्षराने सुरू होते. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मला नाही तर कोणाला?

प्रकरणाची सुरुवात बंटीपासून झाली. बंटी म्हणजे आमच्या ताईचा मुलगा. वय एकोणतीस, नोकरी संगणकातली, पगार माझ्या दुप्पट आणि अक्कल माझ्या निम्मी. फियाटने २०१५ साली भारतात अबार्थ पुंटो नावाची गाडी आणली होती. आपल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क. पुढे फियाटने इथला मोटारींचा कारभारच आवरला आणि ही गाडी दुर्मिळ झाली. दुर्मिळ वस्तू दिसली की बंटीला राहवत नाही. त्याने जुन्या बाजारातून एक गाठली. तिच्या नाकावर विंचवाचे चित्र. मंगळवारी विंचू दारात आला म्हणून ताईने त्याच्यावरून लिंबू उतरवून टाकले. माझ्या मते लिंबू बंटीवरून उतरवायला हवे होते.

कारण महिन्याभरात त्याने गाडी ‘रीमॅप’ करून आणली. टर्बो म्हणजे धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याने इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबायची. त्या हवेचा दाब आणि इंधनाचे प्रमाण संगणकातून वाढवले की झाले रीमॅप. त्यांनी दिलेल्या कागदावर टॉर्क २९० न्यूटन मीटर लिहिला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत असे फेरफार करण्यावर बंधने आहेत, विमा कंपनीही ऐन वेळी हात वर करू शकते, वगैरे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “मामा, तू नं टिपिकल बँकवाला आहेस.” ही शिवी आहे हे मला घरी आल्यावर कळले.

पंधरा दिवसांनी तक्रार सुरू झाली. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबला की रेव्ह काउंटरचा काटा भसकन वर जायचा आणि वेग मात्र होता तिथेच. महागाई भत्ता जाहीर व्हावा आणि पगारात मात्र दिसू नये, तसा प्रकार. क्लच स्लिप मारत होता. यात क्लचची काही चूक नव्हती. ज्या कारकुनाला दोनशे बारा व्हाउचरांची सवय, त्याच्यापुढे दोनशे नव्वद टाकल्यावर तो दुसरे काय करणार?

इथपर्यंत ठीक होते. नवा क्लच हवा, हे मलासुद्धा मान्य होते. पण कोणता, हे ठरवायला बंटीने जे सल्लागार मंडळ नेमले, त्यांच्यावर माझा खरा राग आहे. हे सगळे तिशीच्या आतबाहेरचे, दाढ्या राखलेले, टोप्या उलट्या घातलेले. त्यांच्या बोलण्यात एकच मापदंड : स्टेज. “स्टेज वन बच्चों के लिए. डायरेक्ट स्टेज थ्री डाल.” मी भाबडेपणाने विचारले, की ही स्टेज कोण ठरवते? सरकार? आयएसआय? कोणीच बोलेना. कारण खरी गोष्ट अशी आहे, की क्लचच्या स्टेजला जगात कुठलेही प्रमाण नाही. एका कंपनीची स्टेज टू ही दुसरीची स्टेज वन असू शकते आणि तिसरीची थ्री. आमच्या बँकेत एखाद्याने येऊन “मला स्टेज थ्रीचं कर्ज द्या” असे म्हटले तर आम्ही त्याला आधी पाणी देऊ. रक्कम किती, व्याज किती, मुदत किती, हे आकडे नकोत का? क्लचलाही आकडे असतात. पण जिथे आकडे विचारले की माणसे रागावतात, तिथे काहीतरी शिजत असते हे मी अनुभवाने सांगतो.

तर बंटीने दुकानातून स्टेज थ्री घेतली. सहा टिकल्यांची सिरॅमिक-मेटलची प्लेट, मधल्या स्प्रिंगा नसलेली, आणि वर दांडगी प्रेशर प्लेट. गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीसकट पंचाहत्तर हजार. ताईला पंचवीस सांगितले. मला पन्नास सांगितले. खरा आकडा त्याच्या क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवरून मी काढला. शेवटी टिपिकल बँकवाला!

गाडी घरी आली तेव्हा मला मुद्दाम चालवायला दिली. क्लचवर पाय ठेवला आणि वाटले, हा पेडल नसून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह असावा. सगळे वजन टाकून खाली नेला. वर सोडताना मात्र त्याला मध्य म्हणून नव्हताच. एक तर गाडी उभी, नाही तर उडालेली. मी सोसायटीच्या फाटकातून तीन बेडूकउड्या मारत बाहेर पडलो. वॉचमनने सलाम करायला वर नेलेला हात तसाच डोळ्यांवर ठेवला. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून असा खडखडाट येत होता, की कोपऱ्यावरचा भंगारवाला आशेने बाहेर येऊन बघायचा.

“सवय होईल,” बंटी म्हणाला. “मजबूत आहे. लाइफटाइम टिकेल.”

कोणाचा लाइफटाइम, हे त्याने सांगितले नाही.

पुढच्या महिन्यात तो गाडी घेऊन चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर गेला. ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, बारा वळणे. हा ट्रॅक श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला येतो. श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असल्यामुळे ताईने शेजारीपाजारी पोरगा यात्रेला गेल्याचे सांगितले. यात्रेहून परत येताना बंटी गुडघा धरूनच आला. जाता-येताना मिळून चोवीसशे किलोमीटर, त्यातले ट्रॅकवरचे जेमतेम शंभर. म्हणजे ज्या शंभरासाठी हा खटाटोप, त्यासाठी बाकीच्या तेवीसशेंमध्ये प्रत्येक गावाच्या गर्दीत आणि टोलनाक्यावर डाव्या पायाने दंडबैठका काढायच्या.

एवढ्यावरही मी लेखणी उचलली नसती. लोकांचे गुडघे, लोकांचा पैसा. पण त्यानंतर आठवड्याने एक रात्र आली.

बंटी कामासाठी बंगळूरला गेला होता. रात्री दोन वाजता आमच्या भाऊजींच्या पोटात मुतखड्याची कळ उठली. ज्याला ती उठलेली आहे त्याला मी काही सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून कळायचे नाही. एरवी देवघरातसुद्धा मोठ्याने न बोलणारा हा माणूस आई आई करून जमिनीवर लोळत होता. सूनबाईंना गाडी उत्तम येते. लग्नाआधी त्या सांगलीहून पुण्याला एकट्या गाडी चालवत येत. त्यांनी भाऊजींना मागे झोपवले, ताई उशाशी बसली, आणि सूनबाईंनी गाडी काढली. तळघरातल्या पार्किंगमधून वर यायला उतार आहे. त्या उतारावर गाडी पाच वेळा बंद पडली. सहाव्या वेळी क्लच सुटला तेव्हा गाडी उसळून खांबापासून वीतभर अंतरावर थांबली, आणि मागे भाऊजी सीटवरून खाली आले. सूनबाईंचा पाय थरथरायला लागला होता. शेवटी वॉचमनने धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाल्याने हाताच्या चार बोटांनी क्लच दाबला आणि सात मिनिटांत दवाखान्यात पोचवले.

मला ताईचा फोन आला तेव्हा ती भाऊजींबद्दल एक वाक्य बोलली आणि गाडीबद्दल दहा. “दारात गाडी उभी असून रिक्षानं न्यावं लागलं रे,” हे ती तीनदा म्हणाली. सूनबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. मला तेच जास्त लागले. गाडी चालवता न येण्याचा दोष त्यांनी आपल्याकडे घेतला होता.

त्या दिवसापासून मी ठरवले, की या ‘मजबूत’ शब्दाचा एकदा हिशेब मांडायचाच. नाना पेठेत माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. चाळीस वर्षे गिअरबॉक्स उतरवून उतरवून त्यांचे खांदेच गिअरबॉक्ससारखे झाले आहेत. त्यांनी जळक्या प्लेटांचा एक ढीग माझ्यापुढे टाकला आणि दोन चहांच्या अवधीत मला जे शिकवले, ते असे.

क्लच किती टॉर्क पेलतो हा चार आकड्यांचा गुणाकार आहे. घासणारे पृष्ठभाग किती, त्यांचे घर्षण किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. हिशेबाला सोपे जावे म्हणून धरा : पृष्ठभाग २, घर्षण ०.३, दाब ५००० न्यूटन, त्रिज्या ०.०९ मीटर. गुणाकार आला २७० न्यूटन मीटर. इंजिनाचे २१२. म्हणजे वर सत्तावीस टक्के शिल्लक. कंपनीवाल्यांनी ठेवलेली ही गंगाजळी. रीमॅप करून तुम्ही २९० केलेत की गंगाजळी संपून वर वीसचा ओव्हरड्राफ्ट.

आता ओव्हरड्राफ्ट फेडायला रस्ते किती? त्रिज्या वाढवावी तर घंटेसारख्या त्या आवरणात जागा नसते. दाब तीस टक्क्यांनी वाढवला तर क्षमता ३५१. बस्स! २९० वर एकवीस टक्के शिल्लक. पेडल थोडे जड होईल, पण माणसाच्या पायाला झेपेल असे. दुसरा रस्ता, घर्षण वाढवायचे. सिरॅमिक-मेटलच्या टिकल्या ०.४ किंवा त्याच्याही वर जातात, उष्णता दांडगी सोसतात, पण पकडतात त्या मांजराने उंदीर पकडावा तशा, आणि फ्लायव्हील खरवडून काढतात ते वेगळेच. तिसरा रस्ता दोन प्लेटांचा. पृष्ठभाग दोनाचे चार, क्षमता एकदम दुप्पट, पेडलही हलके ठेवता येते. फक्त किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. केव्हलार नावाचा एक प्रकार आहे. तो मऊ पकडतो, पुष्कळ टिकतो, पण एकदा का जास्त तापून चकाकला की रुसलेल्या जावयासारखा पुन्हा वळणावर येणे कठीण.

बंटीने घेतलेल्या क्लचमध्ये दाबही वाढवलेला आणि घर्षणही. त्याची क्षमता माझ्या हिशेबाने साडेचारशेच्या पुढे जात होती. २९० च्या इंजिनाला! दोन माणसांच्या घराला बावीस खोल्यांचा वाडा. बरे, जास्त असले तर बिघडले कुठे, असे सल्लागार मंडळ म्हणते. बिघडते ते इथेच! आमच्या लहानपणी शेजारच्या काकांचा फ्यूज वारंवार उडायचा. त्यांनी वैतागून त्यात जाड तार घातली. फ्यूज उडायचा थांबला, फ्रिज जळला. क्लच हा गाडीतला फ्यूज आहे. धक्का बसला की त्याने थोडे सरकून घ्यावे, ही अपेक्षा असते. तोच हटून बसला तर धक्का गिअरच्या दातांना, पुढच्या शाफ्टला, डिफरन्शियलला जातो. आणि दुर्मिळ गाडीचा गिअरबॉक्स कोणत्या दुकानात टांगलेला असतो, ते सांगा. मधल्या स्प्रिंगा इंजिनाची थरथर पिऊन घ्यायला असतात. त्याही काढल्यावर ती थरथर कुठे जाणार? तो खडखडाट म्हणजे गिअरबॉक्स आपली तक्रार तोंडी नोंदवत होता.

“पण मामा, ट्रॅकवर ऑरगॅनिक प्लेट जळते,” बंटीचा हुकमी एक्का.

हा एक्का मिस्त्रींनी असा कापला, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ते म्हणाले, “भाऊ, ट्रॅकवर तुम्ही थांबता किती वेळा?” खरेच की! क्लच तापतो तो सरकताना. बाराशे किलोची गाडी उभ्याची ताशी वीस किलोमीटरवर आणताना तो सुरळीत सोडला, तरी अठरा किलोज्यूलच्या आसपास उष्णता त्याच्या अंगावर येते. मी रात्री बसून हिशेब केला. एका कटिंग चहापुरते पाणी उकळेल एवढी ती आहे. म्हणजे दर सिग्नलला एक कटिंग! लक्ष्मी रोडवर सुरुवात केली तर अख्ख्या पेठेला चहा. आणि पाच हजार आरपीएमला धरून धाडकन सोडला तर एकाच वेळी चार-पाच कटिंग. ट्रॅकवर मात्र एकदा सुटलात की गाडी थांबत नाही. गिअर बदलतानाचे निमिष, आणि खाली बदलताना इंजिनाचा वेग जुळवून घेतला तर तेही नाही. ट्रॅकवर ऑरगॅनिक प्लेट जळते ती मुख्यत्वे क्षमता कमी पडून सरकत राहते म्हणून. क्षमता पुरेशी असेल तर बारा वळणांपेक्षा कर्वे रोड तिला अधिक छळतो. प्लेट जळण्याचे खापर ट्रॅकवर फोडणारे हे लोक रोज सिग्नलला चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात आणि क्लचच्या पेडलवर पाय ठेवूनच मुंबईला जातात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मी अन्याय करू इच्छित नाही. एअरस्ट्रिपवर पाव मैलाच्या शर्यतीत पुन्हा पुन्हा उभ्याची गाडी उधळायची असेल, किंवा इंजिनाने पाचशेचा आकडा गाठला असेल, तर टिकल्या घाला, दोन प्लेटा घाला, तुमचे बरोबर आहे. तशी गाडी घरी मुतखडा असलेल्या माणसाने ठेवू नये, एवढेच. पण जी गाडी महिन्यातले एकोणतीस दिवस ऑफिस, भाजी आणि ताईचे गुडघ्याचे डॉक्टर यांच्यात फिरते, आणि एखादा दिवस शर्यतीच्या ट्रॅकवर, तिला एकोणतीस दिवसांच्या हिशेबाने क्लच निवडायचा की एका दिवसाच्या? आणि टिकाऊपणा फक्त प्लेटचा मोजायचा, की गिअरबॉक्सचा, गुडघ्याचा आणि घरातल्या दुसऱ्या चालकाचाही?

हे सगळे मी बंटीपुढे आकड्यांसकट मांडले. तो गप्प होता. माझ्या गुणाकाराने तो हलला असे मला वाटत होते. नंतर कळले, की भाऊजी दवाखान्यातून आल्यावर सूनबाईंनी गाडीची किल्ली देवघरात ठेवली होती आणि “मी आता रिक्षानेच जाईन” एवढेच म्हटले होते. आकड्यांना काही अर्थ नसतो, वाचकहो.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. तीस टक्के जादा दाबाची प्रेशर प्लेट, पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट, मधे स्प्रिंगा, नवे रिलीज बेअरिंग. टिकल्यांनी खरवडलेले फ्लायव्हील मिस्त्रींनी लेथवर साफ करून घेतले, आणि इंजिनाच्या मागचे ऑइल सीलही बदलले, कारण पन्नास रुपयांचे तेल गळून पन्नास हजारांची प्लेट नासलेली त्यांनी पुष्कळ पाहिली आहे. सूनबाईंनी तळघराच्या उतारावर गाडी तीन वेळा थांबवून तीन वेळा काढली. चौथ्या वेळी त्या हसल्या.

मिस्त्रींनी एकच अट घातली. पहिले आठशे किलोमीटर गावात, हळू, पूर्ण पाय न दाबता. प्लेट बसायला हवी. ती बसते गाडी थांबत-निघत चालली तरच. हायवेवर गिअर न बदलता केलेले किलोमीटर धरायचे नाहीत. बंटीचा चेहरा उतरला. ताईचा मात्र उजळला. गेल्या सहा वर्षांत राहून गेलेली सगळी नातेवाईक मंडळी तिने यादी करून उरकायला घेतली. सदाशिव पेठेतल्या मावशी, कात्रजच्या आत्या, भोसरीचे व्याही, हडपसरला कोणाचे तरी बारसे. १४५ ची १९० केलेली ती विंचवाची गाडी दर रविवारी चाळीसच्या वेगाने, मागे ताई आणि भाऊजी, डिकीत लाडवांचे डबे, अशी पुण्यातून फिरते आहे.

परवा हिशेब विचारला तर दीडशे किलोमीटर शिल्लक होते. मी म्हटले, “जेजुरीला जाऊन या, एका दिवसात बरेचसे संपतील.”

“हायवेचे धरत नाहीत,” ताई म्हणाली. “त्यापेक्षा लक्ष्मी रोडला आणखी चार फेऱ्या मारू. मला साडीचा फॉल पण आणायचाय.”